झाकलेली कळशी

१

सन एकोणीसशे ब्याण्णव. उन्हाळा, मे महिना संपत आलेला. नदी बारीक झाली होती, टाकी तळाला गेली होती आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. त्या दिवसांतली ही गोष्ट.

चावीवाला रोजच्यासारखा उजाडायच्या आत उठला. पाणीखात्यात त्याचे काम व्हॉल्व्ह उघडायचे आणि मिटायचे. खांद्यावर लोखंडी चावी. चावी म्हणजे छातीएवढा उंच दांडा आणि वर आडवी मूठ. ती घेऊन तो गल्लोगल्ली फिरे. रस्त्यातले झाकण उचलायचे, चावी खाली बसवायची, फिरवायची. वरच्या पेठेला पाणी. मग ती बंद, बाजाराला पाणी. मग बाजार बंद, मधल्या गल्लीला. गावातली सगळी माणसे त्याला ओळखत, नावाने मात्र कुणीच नाही. 'चावीवाला आला' एवढे कानावर पडले की नळाखाली बादल्या लागत.

शाळा त्याने लवकर सोडली होती. पण कुणापुढे हात पसरला नव्हता. शेजाऱ्याकडे काडेपेटीसुद्धा मागितली नव्हती. "मागितलं नाही, म्हणून कुणाचा मिंधा नाही," असे तो सुनेला अधूनमधून ऐकवी. सून मान डोलवी आणि मागच्या दाराने शेजारच्या शिवणवालीकडून हवे ते आणी. घर असेच चालते.

त्या आठवड्यात मधल्या गल्लीच्या नळांना वास येऊ लागला. आधी थोडा, ओल्या कपड्याच्या बोळ्यासारखा. मग पाण्याला रंग आला. पांढऱ्या भांड्यात धरले तरच दिसे. निळसर, जणू कुणीतरी नीळ घालून धुतलेले शेवटचे पाणी नळात सोडले होते. उकळून जंतू मरतात, रंग जात नाही. गल्लीतली पोरे एकामागून एक आजारी पडली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चावीवाल्याची नातही पडली.

नातीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पोटात काही ठरत नव्हते.

"डॉक्टर म्हणाले, स्वच्छ पाणी द्या," सून म्हणाली. "आता ते आणू कुठून, बाबा? पाणी सोडणाऱ्याच्या घरात ही तऱ्हा."

चावीवाला उठला. चावी उचलून कचेरीत गेला.

तिथे नदी बचाव समितीची माणसे आधीच जमली होती. पुढे शाळेतल्या बाई. त्यांनी साहेबांच्या टेबलावर बाटली ठेवली.

"घ्या साहेब. उन्हातून आलात, घोटभर घ्या."

"बाई, हा काय प्रकार?"

"सरबत नाही. माझ्या नळाचं आहे. तुमच्याच खात्यानं घरपोच पाठवलंय."

मागची माणसे हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी घाम पुसला. "गाळणीतून निघतं तेव्हा पाणी स्वच्छ असतं, बाई. मी स्वतः पितो. मध्येच कुठेतरी..."

"मध्येच कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं आम्हालाही कळतं. कुठे, ते सांगा. रंगाच्या कारखान्याचा नाला सांगा."

"नाला माझ्या खात्यात येत नाही."

"आणि आमच्या पोरांची पोटं? ती कुणाच्या खात्यात येतात?"

चावीवाला दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या डोक्यात एक व्हॉल्व्ह फिरत होता. बऱ्याच वर्षांत त्याला त्याने हात लावला नव्हता. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही त्याची रीत. तो आला तसा बाहेर पडला.

२

मधल्या गल्लीच्या टोकाला उतार लागतो. उताराखाली नाला, आणि नाल्याच्या अलीकडे खालची आळी. कधीकाळी तिथे रंगाच्या कारखान्यातली कामगार माणसे राहत. बाप्यांचे हात कोपरापर्यंत निळे, बायकांचेही. दिवसभर रंगाच्या हौदात कपडा पिळायचा, मग दुसरे काय होणार? धुऊन तो रंग जात नसे. चावीवाल्याचा मुलगाही आता तिथेच कामाला होता आणि जेवताना त्याचे हात बघून भिंगरी म्हणे, "बाबा, तुम्ही आकाश धरलं होतं का?"

आधी आळीच्या विहिरीचे पाणी बिघडले. मग नळ दिले, तर नाल्याने नळाच्या वाटा कुरतडल्या. माणसे खंगत गेली. शेवटी सरकारने आळी उठवली आणि उरलेल्यांना टेकडीपलीकडच्या नव्या चाळींत नेले. उरलेल्यांना, म्हणजे थोड्यांना. बाकीच्यांना कुठे नेण्याची गरज राहिली नव्हती.

आळी रिकामी झाली तेव्हा तिचे पाणी कायमचे बंद करायचे होते. त्या दिवशी चावीवाला तापाने फणफणला होता. बदली माणूस गेला, व्हॉल्व्ह बंद करून आला, तसे त्याने सांगितले. ते खरे मानून सगळे विसरले.

पण खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उलटा होता. गावातले बाकीचे सगळे उजवीकडे फिरवले की मिटतात. हा एक कुठल्या तरी जुन्या मालातला, डावीकडे फिरवला की मिटे. हे चावीवाल्याच्या हाताला माहीत होते. बदली माणसाला माहीत असायचे कारण नव्हते. त्याने उजवीकडे घट्ट अडेपर्यंत फिरवला असणार. म्हणजे बंद केलाच नाही. पुरा उघडून आला.

आता सगळे जुळत होते. आळीतले फुटके नळ नाल्यात बुडालेले. दुपारी पंप थांबला की वाटेतले पाणी उतारावर ओसरते आणि रिकामी नळी जे मिळेल ते ओढून घेते. या उन्हाळ्यात टाकीच खाली गेल्याने ओढ वाढली. नाल्याचे पाणी वर चढले आणि सकाळी गल्लीच्या घागरीत आले. भुताखेताचे काही नाही. साधे लोखंड आणि पाणी.

भर दुपारी तो उतार उतरला. ऊन असे होते की सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली दडली होती. आळीच्या तोंडाशी झाकण होते. वर माती साचून दगड झाली असेल म्हणून त्याने सोबत पहार आणली होती. पहार लागली नाही. झाकण हाताने निघाले.

चावी बसवली. इतक्या वर्षांचा व्हॉल्व्ह गंजून एकजीव झालेला असायला हवा. तो कालच तेल दिल्यासारखा फिरला.

'ओल आहे ना खाली,' तो मनात म्हणाला. 'ओलीत गंज कमी धरतो.' तसे नसते, हे त्याला ठाऊक होते.

डावीकडे, डावीकडे. शेवटच्या फेऱ्याला मूठ जड झाली. अडली नाही, जड झाली. दोघांनी मिळून कपडा पिळताना पलीकडचा उलटा पीळ धरतो, तशी. चावीवाला अंगाने थोराड होता, त्याने छातीचा जोर लावला. क्षणभर मूठ तशीच थरथरत राहिली, आणि मग पलीकडच्याने सोडून द्यावे तशी सुटली आणि व्हॉल्व्ह मिटला.

त्याबरोबर आळीतल्या सगळ्या घरांतून आवाज आला. नळ रिकामा होताना गुरगुरतो, तो आवाज त्याच्या रोजच्या ऐकण्यातला. पण हा तसा नव्हता. सगळ्या घरांनी एकाच वेळी आत श्वास ओढला होता. मग तो बाहेर सोडल्याचे काही ऐकू आले नाही.

३

व्हॉल्व्ह मिटला की जवळच्या घरात जाऊन नळ बघायचा. धार थांबली तर काम झाले, नाही तर पुन्हा चावी लावायची. ही कामाची पद्धत. चावीवाल्याने ती एकदाही चुकवली नव्हती. तो पहिल्या घराशी गेला. कडी नव्हती. दार ढकलले.

पुढची खोली रिकामी. जमिनीवर बोटभर धूळ, तीत उंदराच्या पावलांची रांगोळी. माणसाचे पाऊल एकही नाही. भिंतीवर कॅलेंडर गेल्याची चौकोनी खूण. मधल्या दाराला फाटका पडदा, त्याच्यामागे आणखी एक खोली, अंधारी. मोरी पुढच्या खोलीतच, कोपऱ्यात. मोरीवर नळ. नळाच्या तोंडाशी एक थेंब धरला होता. चावीवाल्याने वाट पाहिली. तो पडला नाही. मागे गेला, नळाच्या आत.

व्हॉल्व्ह पक्का होता. तो निघणार, तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

मोरीच्या कठड्यावर एक कळशी होती. वर ताटली झाकलेली. ताटलीवर पेला उपडा घातलेला. खोलीभर धूळ होती. कळशीवर नव्हती, ताटलीवर नव्हती, पेल्यावर नव्हती. संध्याकाळची सोय करून घरातली बाई शेजारी जाऊन बसावी, असे ते सगळे दिसत होते.

"कोण आहे का घरात?"

कोणी नव्हते. भंगार वेचणारा एखादा राहत असेल, त्याला वाटले. छप्पर फुकट, नळ फुकट. पण धुळीत पाऊल कसे नाही? असेल दुसरीकडून वाट. त्याने ताटली उचलली.

कळशी काठोकाठ भरलेली होती. पाणी इतके नितळ की तळाची ठोक्याची नक्षी दिसावी. गल्लीभर निळे पाणी आणि इथे, नाल्याच्या काठी, हे. साचून नितळले असेल म्हणावे तर तळाशी गाळाचा कण नव्हता. त्याने वास घेतला. वास नव्हता. पेल्यात घोटभर घेऊन जिभेवर धरले. गार आणि गोड. लहानपणी प्यालेले विहिरीचे पाणी आठवले.

त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड केलेली पोर आली. व्हॉल्व्ह मिटला, तरी वाटेत अडकलेले घाण पाणी निघून जायला दोन-तीन दिवस लागणार होते. पोर दोन-तीन दिवस काढील का? वरच्या पेठेत पाणी स्वच्छ असेल, पण कुणाच्या दारात मागायला जाणे त्याला जमणारे नव्हते.

त्याने आयुष्यात कुणाची वस्तू विचारल्यावाचून उचलली नव्हती. विचारायला माणूस नव्हते. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि स्वतःलाच वेडगळ वाटेल इतक्या मोठ्याने म्हणाला,

"कळशी उसनी नेतो. नात आजारी आहे. परत आणून देईन."

पडद्याआडच्या खोलीतून कुणीतरी "हं" म्हणाले.

घसा बसलेल्या माणसाने न उठता म्हणावे, तसे. किंवा नळीत राहिलेली हवा सुटली असेल. ती अशी सुटते. चावीवाल्याने पडदा सारून पाहिले नाही. त्याने कळशी खांद्यावर घेतली, चावी दुसऱ्या हाताला आणि तो उतार चढू लागला. वळणावर त्याच्या ध्यानात आले की आपण आळीतले शेवटचे पाणी घेऊन निघालो आहोत. नळ तर आत्ताच मिटून आलो.

४

भिंगरी त्या कळशीवर उठली. पहिला पेला पोटात ठरला, दुसऱ्यावर तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिने भाताची पेज मागितली आणि तिसऱ्या दिवशी ती शिवणवालीच्या ओट्यावर चिंध्यांची बाहुली मागायला हजर.

गल्लीचे नळही निवळले. आधी वास गेला, मग रंग. समितीच्या बाईंनी साहेबांच्या टेबलावर दुसरी बाटली नेऊन ठेवली, या वेळी हसून. चावीवाल्याला बोलावून साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, "आता नाल्याचंही बघा." साहेब म्हणाले, "बघू." ते बघणे तिथेच राहिले. नळ निवळले तशी समितीची सभाही पातळ झाली. ज्याचे जळते त्याला कळते, आणि आता कुणाचे जळत नव्हते.

कळशी रिकामी झाली होती. चावीवाल्याने ती चिंच लावून लख्ख घासली. उंबऱ्याजवळ ठेवली. आज नेऊ, उद्या नेऊ करत दिवस गेले, कारण साहेबांनी त्याला गावातले सगळे व्हॉल्व्ह तपासायला लावले होते. खरे कारण तेवढेच नव्हते. त्या घरात परत जायचे त्याच्या जिवावर आले होते.

एके सकाळी मुलगा पाळीवर निघाला. कारखान्याची वाट नाल्यावरून जाई.

"आण इकडे ती कळशी," मुलगा म्हणाला. "जाता जाता ठेवतो."

"नीट ठेव. होती तिथे, मोरीच्या कठड्यावर. आणि..."

"आणि काय, पावती घेऊ?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," चावीवाला पुटपुटला. पण त्याने कळशी दिली.

संध्याकाळी मुलगा आला, निळे हात धुऊन जेवायला बसला. चावीवाल्याने विचारले, "ठेवलीस?"

"ठेवली. आत नाही गेलो, उंबऱ्यावर ठेवली."

"भरून?"

मुलाने घास थांबवला. "बाबा, त्या आळीत नळ तुम्हीच बंद केलेत. भरू कशानं, नाल्यानं? रिकामीच ठेवली. कळशी त्यांची, त्यांना पोचली. आणि त्यांना म्हणजे कुणाला? तिथं कुत्रं नाही."

कळशी परत गेली होती, हे खरे. पण चावीवाल्याने तोंडाने कळशी म्हटले, तरी त्याला कळशी कुठे हवी होती? त्याने पाणी उसने नेले होते.

भिंतीशी भिंगरी पाणी पीत होती. तिने पेला संपवला आणि आईपुढे धरला.

"अजून," ती म्हणाली.

५

उन्हाचे दिवस, पोरीला तहान लागणारच. पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सून घाबरली. पोर पेल्यामागून पेला पीत होती आणि तिचे ओठ सुकलेलेच होते. जीभ कोरडी, पापण्या कोरड्या. रडली तर डोळ्याला पाणी नाही. खेळणे सुटले. ती मोरीच्या कठड्याला टेकून बसे आणि पेला पुढे धरी. 'अजून' याखेरीज दुसरा शब्द नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासले, लघवी तपासली. साखर नाही, ताप नाही. "एवढं पाणी जातंय कुठे?" त्यांनी विचारले. विचारले ते कुणाला, हे त्यांनाही माहीत नसावे. मग ते म्हणाले, असेच राहिले तर मोठ्या दवाखान्यात न्या, पण लवकर न्या.

त्याच दुपारी घरचा नळ गेला.

नळ जाण्यात नवल नव्हते. पण गल्लीला पाणी चालू होते. चावीवाला स्वतः सोडून आला होता. भिंतीपलीकडे शिवणवालीच्या नळाची धार बादलीत पडताना ऐकू येत होती. त्याच नळीवरचा त्याचा नळ कोरडा होता. त्याने चकती बदलली, तोटी काढून पाहिली, फुंकर मारली. अडलेले काही नव्हते.

मग त्याने नळाच्या तोंडावर तळहात धरला.

नळ ओढत होता. हलके, पण सारखे. पोरगे आईला ओढते तसे. ओढायचे, थांबायचे, गिळायचे, पुन्हा ओढायचे. चावीवाल्याने हात काढला तेव्हा तळव्यावर लाल गोल उमटला होता.

पंप थांबला की नळ हवा ओढतो, हे त्याने लोकांना शंभरदा समजावून सांगितले होते. त्याने आता तेच स्वतःला सांगितले. भिंतीपलीकडे धार पडतच होती. मागे सुनेचा आवाज आला, "बाबा, हिच्याकडे बघा!" भिंगरी उठून आली होती. तिने हातातला भरलेला पेला नळाच्या तोंडाशी नेला होता, एखाद्याला पाजावे तसा. पेल्यातले पाणी वर चढत होते. पेला रिकामा झाला. मग तिने तो आईपुढे धरला.

"अजून."

सुनेने पोरीला उचलून मोरीपासून दूर नेले आणि नळाला फडके बांधले. फडके हळूहळू आत खेचले जात होते.

"बाबा, तुम्ही त्या घरातून काय आणलंत?" ती म्हणाली. आजवर ती सासऱ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती.

"पाणी," चावीवाला म्हणाला.

६

उसने ज्याने घेतले त्यानेच फेडायचे. सुनेला पाठवणे नाही, मुलाला सांगणे नाही. त्याने घरची कळशी घेतली, चावी सवयीने खांद्याला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला.

शिवणवाली मशीनवर होती. तिने मान वर केली.

"काय हो, चावीवाले? वाट चुकलात?"

त्याने कळशी पुढे केली. "कळशीभर पाणी हवं होतं."

"अगं बाई! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?" ती हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हसणे आवरले. स्वतः उठून तिने नळ सोडला. पाणी स्वच्छ होते, पांढरेशुभ्र, फेसाळत भरले.

"परत आणून..."

"काही परत आणू नका. तुमच्यामुळेच तर आलंय. पोरीला पाजा."

ते त्याला गिळवले नाही. पण कळशी त्याने उचलली.

ऊन कलायला अजून अवकाश होता. उतार उतरताना पाणी हिंदकळू नये म्हणून तो जपून चालत होता. आळीच्या तोंडाशी आला आणि थांबला.

सगळ्या घरांच्या उंबऱ्यांवर भांडी होती. कळश्या, हंडे, डबे, पातेली, पोरांच्या खेळातली लोटकीसुद्धा. प्रत्येक भांड्याचे झाकण बाजूला काढून ठेवलेले. सगळी भांडी कोरडी, तोंड वर करून, रांगेने, नळाला पाणी येणार असल्याच्या दिवशी ठेवतात तशी. मुलाने या आळीत कुत्रं नाही म्हटले होते. त्याच्या वेळी ही भांडी नसतील. किंवा त्याने पाहिली असतील आणि सांगितली नसतील. सांगतो काय?

'पोरांचा खेळ,' चावीवाल्याने मनाशी म्हटले.

मधल्या वाटेने तो गेला. दोन्ही बाजूंच्या भांड्यांकडे त्याने पाहिले नाही. पहिल्या घराच्या उंबऱ्यावर ती घासलेली कळशी होती. तिची ताटली शेजारी, ताटलीवर पेला. दार अर्धे उघडे.

तो वाकला आणि ओतू लागला. पाणी पडल्याचा आवाज त्या सुन्न दुपारी केवढा तरी मोठा झाला. आवाज झाला तसे आत काहीतरी हलले. बसलेली पुष्कळ माणसे एकाच वेळी सरसावून पुढे सरकतात, तसे. कळशी गळ्याशी आली, काठाशी आली. शेवटचा थेंब पडला तेव्हा पाणी काठावर फुगून उभे राहिले होते. एक थेंबही सांडला नव्हता.

"घेतली होती तेवढी आहे," चावीवाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "भरून आणली आहे."

दारातून उन्हाची एक पट्टी आत पडली होती. पट्टी पडद्यापर्यंत गेली होती आणि पडदा आता बाजूला होता. तेवढ्या उजेडात जे दिसले ते त्याने पाहिले, आणि उजेड तेवढाच होता याबद्दल पुढे आयुष्यभर आभार मानले. भिंतीच्या कडेने हात होते. नुसते हात दिसत होते, माणसे अंधारात. कोपरापर्यंत निळे. म्हाताऱ्यांचे, बायांचे, आणि खाली, जमिनीलगत, लहानलहान. प्रत्येक हातात एक पेला होता, दाराच्या दिशेने पुढे धरलेला. भिंगरी धरी, तसाच.

कुणी घाई केली नाही. सगळ्यांत पुढचा एक हात, बाईचा, मनगटावर बांगडीची पांढरी खूण असलेला, उजेडात आला. त्याने ताटली उचलली आणि कळशीवर अलगद झाकली. मग कळशी आत ओढली गेली. भरलेल्या भांड्याचे बूड फरशीवर घासत जाते, तो जड आवाज. मग दार लोटले गेले.

चावीवाला वळला. त्याच्या मागे, इतर घरांतून, झाकणे खडखडू लागली होती. एक, मग दुसरे, मग आळीभर. भूक लागलेले पोर ताट वाजवते, तशी.

वाटेत व्हॉल्व्हचे झाकण होते. चावी त्याच्या खांद्यावर होती. उजवीकडे फिरवायचा अवकाश, साऱ्या आळीला पाणी मिळाले असते, आणि उद्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना नाला. तो झाकणावर थांबला. खडखड थांबली. आळी कान देऊन बसली.

"माझं एका कळशीचं होतं," तो म्हणाला. "गावाचं गावाला मागा."

तो उतार चढून गेला. मागे पुन्हा खडखड सुरू झाली आणि बराच वेळ त्याच्या सोबत चालत आली.

७

घरात शिरला तेव्हा नळ वाहत होता. फडके गळून मोरीत पडले होते आणि धार पितळी तांब्यावर पडून तांबा भरून वाहत होता. कुणी तो बंद केला नव्हता. मुलगा पाळी सोडून आला होता आणि बुटांसकट भिंतीला टेकून उभा होता.

सुनेच्या मांडीवर भिंगरी होती. सून तिच्या ओठांशी पेला धरत होती, पोर तोंड वळवत होती. कपाळावर तिला घाम फुटला होता, पापण्या ओल्या होत्या.

चावीवाला समोर जमिनीवर बसला. त्याने सुनेच्या हातातून पेला घेतला आणि स्वतः नातीपुढे धरला.

तिने एक घोट घेतला. मग हाताने पेला बाजूला सारला.

"पुरे," ती म्हणाली.